खर्जाला जागा

सोमवार, ४ जून

आज मी खर्ज डोळ्यांनी पाहिला.

कारखान्यात माझं काम ऐकायचं. साच्यातून निघालेल्या रेकॉर्डच्या गठ्ठ्यातली एक उचलायची, काचेच्या खोलीत बसायचं आणि ती पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत कान देऊन ऐकायची. करकर, खरखर, सुईची उडी, काही सापडलं की गठ्ठा बाद. "गाणं ऐकायचं नाही हं, चुका ऐकायच्या," असं फोरमनकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे माझं पोट आजवर चुकांवर चालत आलंय.

आज डिस्कोची नवी रेकॉर्ड आली. परातीएवढी, आणि एका बाजूला गाणं एकच. मी म्हटलं, "काका, हा काय उधळेपणा? एवढ्या जागेत रॉकवाले अख्खी वरात बसवतात."

काकांनी भिंग पुढे केलं. "खाचा बघ आणि मग बोल."

रॉकच्या रेकॉर्डच्या खाचा विंचरलेल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटून असतात. हिच्या खाचा मात्र ऐसपैस पसरलेल्या. आणि जिथे खर्ज वाजतो, तिथे त्या चक्क लाटेसारख्या डावी-उजवीकडे डोलत होत्या. काका म्हणाले, "खर्ज अंगाने जाडा. त्याला हलायला जागा लागते. जागा नसली की कापतात बिचाऱ्याला."

दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं. मी बास वाजवते, जाड चार तारांची ती गिटार, जिच्यातून नुसता खर्ज निघतो. दादाने बँड काढला तेव्हा त्याने गिटार घेतली, त्याच्या मित्राने ड्रम घेतले, आणि उरलं ते मला मिळालं, लहानपणी दादाचे आखूड झालेले स्वेटर मिळायचे तसं. "तू मागे राहा, आधार दे," दादा म्हणाला होता. देते आहे. आमचा कार्यक्रम ऐकलेल्या एकाही माणसाने अजून मला "तू छान वाजवलंस" म्हटलेलं नाही. "तूही होतीस ना स्टेजवर?" असं एकीने विचारलं होतं.

बुधवार, ६ जून

वहिनीच्या लाँड्रीला बुधवारी सुट्टी, म्हणून आमचा सराव बुधवारी. मागच्या खोलीत दांड्यांवर गिऱ्हाइकांचे लांब कोट टांगलेले असतात. ते आवाज पितात, म्हणून शेजारी ओरडत नाहीत.

आज मी त्या रेकॉर्डवरची खोडी करून पाहिली. एकच सा, आधी खालच्या सप्तकातला, लगेच वरच्यातला. खाली-वर, खाली-वर, पोर जिन्यावर खेळतं तसा. पाठीमागे दांडीवरचे हँगर किणकिणायला लागले. पुढच्या दुकानात वहिनी उरलेली इस्त्री उरकत होती, तिथून टेबलाची कुरकुर तालात ऐकू आली.

दादाने हात वर करून गाणं थांबवलं. तो उंच स्टुलावर बसून वाजवतो. मोटरसायकलच्या अपघातापासून त्याचा डावा गुडघा वाकत नाही. "हाताला काय झालंय?" असं म्हणून तो तो विषय संपवतो, आणि आम्हीही संपवतो.

"हे काय, ठमे?"

"सा."

"सा मलाही कळतो. दोनदा कशाला?"

"एकदा वाजवला तर कुणाला ऐकू येत नाही."

तुफान हसला. आमच्या ड्रमवाल्याचं हे टोपणनाव. गाणं रंगलं की त्याचा वेग वाढत जातो आणि शेवटचं कडवं आम्ही त्याच्यामागे धावत गाठतो. दादा त्याला "जिवंतपणा" म्हणतो.

दादा हसला नाही. "हे नाचकाम आहे. लोक आपल्याला ऐकायला येतात, हातपाय झाडायला नाही."

"लोक? मागच्या वेळी लोकांपेक्षा इथले कोट जास्त होते."

त्यानंतर सराव झालाच नाही म्हणायचा. मी खालचा सा एकेकदा वाजवत राहिले. आधार देत.

रविवार, १० जून

वहिनी म्हणाली, "वन्सं, चला, दुपारचा नाच असतो. एकटी जायला कसंतरी वाटतं." दादाने गाडीने सोडलं. आता जा म्हटलं तर म्हणे, "इथेच थांबतो, गाडीत. पेपर वाचतो."

आत स्टेजच नव्हतं! एका कोपऱ्यात रेकॉर्ड लावणारी मुलगी, आणि बाकी सगळी जमीन लोकांची. बघायला कुणी नाही म्हणून प्रत्येकजणच बघण्यासारखा. हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायका होत्या, गणवेशातली एक परिचारिका होती. दोन पुरुष एकमेकांचा हात धरून नाचत होते आणि कुणी मान वळवली नाही. आणि तो खर्ज! कानात येण्याआधी तळपायांतून वर आला. माझं वाद्य सगळ्यांच्या पुढे चालत होतं आणि गिटार त्याच्यामागून, पावलावर पाऊल ठेवत.

वहिनी नाचली. किती दिवसांची उपाशी असल्यासारखी. तिचं आणि दादाचं लग्नच मुळी नाचताना जमलेलं. दादा तेव्हा असा नाचायचा की लोक त्याला जागा करून द्यायचे. पण ती गाणी वेगळी होती. डिस्कोचा त्याला राग आहे तो त्याच्या यंत्रासारख्या ठेक्याचा, असं तो स्वतःच सांगतो.

बाहेर आलो तेव्हा दादाचा पेपर पहिल्याच पानावर उघडा होता. वहिनीला घाम आलेला पाहून त्याने रुमाल पुढे केला. "मजा आली?"

"ठीक होतं," वहिनी म्हणाली. मला नवल वाटलं. आत असताना तर तिला ठीकपेक्षा बरंच जास्त वाटत होतं.

बुधवार, १३ जून

सरावाच्या खोलीच्या दारावर वहिनीने पूर्वीच खडूने लिहिलंय, "चपला बाहेर काढाव्यात." त्याखाली आज दादाच्या अक्षरात, "डिस्कोही."

तुफानने चपला काढल्या, इकडे तिकडे पाहिलं. "दादा, चपला ठेवल्या. डिस्को कुठे ठेवू?"

"तुझ्या बापाच्या डोक्यावर ठेव."

"त्यांना आवडतं."

गुरुवार, १४ जून

आज कारखान्यात एका फार मोठ्या रॉक बँडची रेकॉर्ड ऐकली. तेच ते केस, तेच चामड्याचे कोट, मुखपृष्ठावर तोच राग. आणि आत? धप धप धप धप, चारही ठोके सारखे, झांज मधल्या जागा भरतेय, आणि बास जिन्यावर खेळतोय. मी बाद-पासचा शिक्का हातात धरून हसत बसले. लाजत लाजत उचललंय बेट्यांनी. आठवडाभर हेच चाललंय. बिगुलवाल्यांची रेकॉर्ड आली ती याच ठेक्यावर, दर्दभरी गाणी गाणाऱ्या बाईंचं तसंच. काका म्हणतात, "उद्या अंगाईसुद्धा ह्याच चालीवर येईल. पोरं झोपायची कशी?"

मग दादा कुणाची राखण करतोय? ज्या घराला तो कुलूप लावतोय त्यातली माणसं मागच्या दाराने कधीच नाचायला गेली.

मी चुकत असेन का? दादाने मला शिकवलं. पहिल्यांदा बोटांना फोड आले तेव्हा त्यानेच फुंकर घातली. तरी सा दोनदाच.

बुधवार, २० जून

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

परवा एक डिस्कोची रेकॉर्ड बाद केली होती. तिच्या एका खाचेची भिंत फुटलेली, त्यामुळे सुई पुढे सरकतच नाही. एकाच फेऱ्यात अडकते. आणि योगायोग असा की त्या एका फेऱ्यात बरोब्बर चार ठोके मावतात. धप धप धप धप, परत धप धप धप धप. अडकलेली आहे हे कळतच नाही. बाद माल मोडीत टाकायच्या आधी मी काकांना विचारलं, "ही घेऊ?" ते म्हणाले, "बाद माल घरी नेणारी तू पहिलीच."

दादाला आज गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी आणि तुफान लवकर जमलो. रेकॉर्ड-प्लेअर कोटांच्या मागे ठेवला आणि ती अडकलेली रेकॉर्ड लावून दिली. तुफानने तिच्याबरोबर वाजवायचं आणि वेग वाढू द्यायचा नाही, असं ठरवलं. दुसऱ्याच मिनिटाला गडी पुढे पळाला.

"अरे, तू दिवसभर पोस्टात काय करतोस?"

"शिक्के मारतो."

"घाई करतोस?"

"छे. घाई केली की शाई पुसट उठते."

"मग इथेही शिक्केच मार."

त्याने क्षणभर काठ्यांकडे पाहिलं. मग जे बसवलं त्याने! प्रत्येक ठोका ठसठशीत, जणू पत्र जगाच्या पाठीवर कुठेही पोचेल. मी वरून जिना सुरू केला. हँगर किणकिणायला लागले.

दादा कधी आला कळलं नाही. हातातली चालायची काठी दाराला टेकवून, कोटही न काढता तो स्टुलावर चढला, गिटारची वायर जोडली आणि ठोक्यांच्या मधल्या फटींत वाजवायला लागला. त्याची ती करवतीसारखी रॉकची गिटार, पण तुकडे तुकडे करून, अर्ध्या तारा दाबून. चक्-चक्, थांब, चक्! मी बारा वर्षांची असल्यापासून त्याची गिटार ऐकतेय. इतकं चांगलं त्याने कधी वाजवलं नव्हतं. डोळे मिटलेले. स्टुलाच्या आडव्या पट्टीवर उजवा पाय पडत होता.

मग तुफानला घाम पुसायचा होता म्हणून त्याने हात थांबवले.

ठेका थांबला नाही.

दादाने डोळे उघडले. ड्रमकडे पाहिलं, तुफानच्या हातातल्या टॉवेलकडे पाहिलं. "कोण वाजवतंय?"

तुफानची नजर कोटांमागे गेली. दादा उतरला, कोट बाजूला सारले आणि फिरणारी रेकॉर्ड पाहिली. सुई उचलली, अगदी हळू, कुणाच्या तरी डोळ्यातला कण काढावा तशी.

"मला बनवलंत."

"दादा, तू स्वतः वाजवलंस. तुला कुणी सांगितलं होतं का?"

तो काठी न घेताच बाहेर गेला. मग काठीसाठी परत यावं लागलं. ते मला फार वाईट वाटलं.

शनिवार, २३ जून

दादाचा चेहरा आज उजळलेला. रेडिओवरच्या त्या निवेदकाचा फोन आला होता. तो रोज सकाळी डिस्कोची एक रेकॉर्ड अर्ध्यात थांबवून फोडल्याचा आवाज ऐकवतो, तोच. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, म्हणजे एक तारखेला, खेळाच्या मैदानावर सभा. लोकांनी घरातल्या डिस्कोच्या रेकॉर्ड आणायच्या, हातोड्याने फोडायच्या. त्याआधी खरा रॉक वाजवणारे बँड. त्यांत आम्ही!

"हजारो माणसं, ठमे! कोट नव्हेत, माणसं!"

आजवर आम्हाला असं कुणी बोलावलं नव्हतं. मी आनंदले, हे लिहून ठेवते. मग आठवलं की मी जे आठवडाभर ऐकून, तपासून, पास करून पाठवते, तेच फोडणार आहेत.

बुधवार, २७ जून

भांडण.

मी म्हटलं, "तिथे आपण गेल्या बुधवारचं वाजवू. तू वाजवलेलं. ते आपलं सगळ्यांत चांगलं गाणं आहे आणि तुला माहीत आहे."

"तिथे? लोक मारतील."

"मारू देत. गाणं खरं आहे की नाही?"

"ते गाणं नाही, ती बिघडलेली रेकॉर्ड आहे."

"तुझी गिटार मागे पडेल म्हणून भितोस तू. माझा बास पुढे येईल म्हणून."

दादा स्टुलावर बसून तारा पुसत होता. म्हणाला, "मागे पडायची मला सवय आहे."

खोटारडा! दादा कधी मागे पडलाय? आयुष्यभर तोच पुढे, आम्ही मागे. मी तसं बोलूनही दाखवलं. तो तारा पुसतच राहिला. शेवटी एवढंच, "सांगितलंय तसं वाजवायचं असेल तर ये. नाहीतर राहू दे. दोघे वाजवू आम्ही. बास नसला तर कुणाला कळणार आहे?"

ते लागलं. लागावं म्हणूनच बोलला, आणि लागलंच.

शुक्रवार, २९ जून

कारखान्यातून आले तर वहिनी माझ्या खोलीच्या पायरीवर बसलेली. माझा स्टेजवरचा काळा शर्ट कडक इस्त्री करून आणलेला.

"मी येत नाहीये, वहिनी."

"वन्सं, एक सांगू? अंघोळीला गेले की ते शिट्टीवर वाजवतात. परवाचं ते. चक्-चक्. मी दाराशी गेले की बंद."

"मग मला नाही कशाला म्हणतो?"

ती शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली, जी सरळच होती. "त्या नाचाला मी परत गेले नाही. त्यांनी कधी नको म्हटलं नाही हो. जा म्हणतात. सोडतो म्हणतात. गाडीत बसतो म्हणतात." मग म्हणाली, "दुकानात रेडिओ लागला की माझा पाय हलतो. म्हणून हल्ली मी बसून इस्त्री करते."

बसून इस्त्री करायची म्हणजे कंबरेचं वाटोळं. मी तिला तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसली, जरा विचित्रच.

जाताना म्हणाली, "तुम्ही या. काय वाजवायचं ते वाजवा. मी अगदी पुढे उभी राहीन."

शर्ट खुंटीवर आहे. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

रविवार, १ जुलै

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

गेले. माझ्या बासची पेटी दादाने गाडीत आधीच ठेवलेली होती.

मैदान भरलेलं. मधोमध रेकॉर्डचा ढीग, शेजारी हातोडे. कडेला आमच्या कारखान्याचा टेम्पो! फोरमनकाका रिकामी पोती घडी करत उभे. कच्चा माल मिळत नाही म्हणून फुटलेलं सगळं ते वितळवायला नेणार होते. मला पाहून म्हणाले, "तू पास करायचंस, हे फोडणार, मी भरणार. कुणाचं काम अडत नाही."

स्टेजवर चढले तेव्हा एकाने ओरडून सांगितलं, "बाई, डिस्को पलीकडे आहे, ढिगात!" आजूबाजूचे हसले. सगळ्या बँडांत मिळून बाई मी एकटी.

पहिली दोन गाणी दादाने सांगितली तशी वाजवली. लोक हाताची घडी घालून ऐकत होते. त्यांना फोडायची घाई होती. तुफान नेहमीसारखा सुटला आणि दुसरं गाणं आम्ही धापा टाकत संपवलं. निवेदकाने बाजूने खूण केली, अजून एक, मग हातोडे.

दादा तिसऱ्या गाण्याचं नाव सांगायला माइककडे वळला. मी थांबले नाही. सा. खालचा, वरचा. खालचा, वरचा. एकटी. त्या प्रचंड स्पीकरमधून माझा सा मैदानभर पसरला आणि मला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. किती जाडजूड होता तो. किती माझा.

"शिक्के!" मी तुफानवर ओरडले. त्याने काठ्या घट्ट धरल्या. आणि मग धप धप धप धप.

क्षणभर लोकांना कळलं नाही. मग कळलं. "डिस्को! डिस्को!" अशी हुल्लड उठली. रेकॉर्डचा एक तुकडा भिरभिरत येऊन माझ्या स्पीकरला लागला. दादा तारांवर पंजा दाबून माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, नाही, थांबणार नाही. भीती वाटत होती. पण जिना उतरायचा तर चढायलाही लागतंच, बोटं तिथेच जात होती.

तेव्हा पुढच्या रांगेत वहिनी नाचायला लागली. एकटी, हजार माणसांत. आजूबाजूचे मागे सरकले, अर्धे चेष्टेने. एकजण तिची नक्कल करायला लागला, कंबर हलवून, तोंड वेंगाडून. दादाने त्याला पाहिलं. मग वहिनीला पाहिलं. ती बाकी कुणाकडे बघतच नव्हती. तिची नजर दादाच्या उजव्या हातावर. वाट पाहत असल्यासारखी.

चक्-चक्. थांब. चक्!

त्याने वाजवलं! अख्ख्या मैदानाला करवतीने कापत वाजवलं. ते रॉकच होतं, आईशप्पत, त्याहून रॉक मी ऐकलेलं नाही. पण त्याला आता पाय होते. त्याच्या प्रत्येक चक्वर वहिनीचं पाऊल पडत होतं. ती वळायची तिथे दादाने वाजवायचं, की दादा वाजवायचा तिथे ती वळायची, शेवटी मला सांगता येईना.

नक्कल करणारा नक्कल करता करता नाचायलाच लागला. त्याचं त्यालाच कळलं नाही. आणि पलीकडे ज्यांना धीर निघाला नव्हता त्यांनी ढीग फोडायला घेतला होता. त्यांचे हातोडे, मी शपथेवर लिहिते, ठेक्यात पडत होते. धप धप धप धप. डिस्को मुर्दाबाद, डिस्कोच्या तालावर!

निवेदकाने वीज बंद करायला लावली. गिटार गेली, बास गेला. तुफानने थांबायला हवं होतं. तो शिक्के मारत राहिला. आणि पाय, कितीतरी पाय, विजेशिवाय चालू राहिले. फार वेळ नाही. पण राहिले.

परतताना गाडीत, सिग्नलपाशी दादा म्हणाला, "दुसऱ्या फेरीत तू लवकर आलीस."

"मी नाही. तू उशिरा आलास."

दादाने आरशातून मागे माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाला. "उशिराच आलो."

सोमवार, २ जुलै

सकाळी निवेदकाने रेडिओवर आम्हाला "अस्तनीतले निखारे" म्हटलं. दादाने आवाज मोठा केला. "निखारे! ऐकलंस?" रॉकवाल्याला याहून मोठा मान काय?

मंगळवार, १० जुलै

त्या मैदानावरचे तुकडे आले. पोती भरभरून. आज जास्तीचं काम म्हणून मीही बसले, मधल्या कागदी चकत्या काढून टाकायच्या, काळा माल वेगळा करायचा. हातात माझ्याच कानाखालून गेलेल्या रेकॉर्ड. हा डोलणाऱ्या खाचांचा तुकडा, तो त्या बाईंच्या आवाजाचा. चक्की त्यांचे दाणे करते, काळ्या मिरीसारखे. दाण्यांत कोण डिस्को, कोण रॉक, देवालाही सांगता येणार नाही.

फोरमनकाका बाजूला येऊन उभे राहिले. "तुमच्या त्या गाण्यावर माझा पाय हलला. आणि हा पाय माझ्या लग्नात हलला नव्हता. बायको साक्षीदार आहे." मग जरा खाकरून, "मेव्हण्याचा स्टुडिओ आहे लहानसा. बोलू का?"

मी दाणे निवडत राहिले. "बोला," म्हटलं. चक्कीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून परत एकदा म्हटलं. "बोला, काका."

शनिवार, ४ ऑगस्ट

आमची रेकॉर्ड साच्यातून निघाली. माझ्या समोर, गरम. मोठी, एका बाजूला एकच गाणं. ती अट दादाने घातली, मी नाही! काकांचे मेव्हणे म्हणाले होते, दोन बसतील की. दादा म्हणाला, "नाही. खर्जाला जागा लागते." जणू त्यानेच भिंगातून पाहिलंय.

नियमाप्रमाणे गठ्ठ्यातली एक उचलली, काचेच्या खोलीत गेले. भिंगाखाली माझा खर्ज डोलत होता. सुई ठेवली. गाणं सुरू व्हायच्या आधीच करकर. बारीक, सगळीकडे, निखाऱ्यांसारखी. मैदानावरच्या मालाची ती, धूळ आणि कागदाचे कण राहिलेच असणार. अशी करकर आली तर गठ्ठा बाद, हा नियम मी नव्या मुलींना शिकवते.

पूर्ण ऐकली. पहिल्यांदाच या खोलीत चुका सोडून गाणं ऐकलं.

मग पासचा शिक्का मारला. घाई न करता, शाई पुसट उठणार नाही असा.

बुधवार, ८ ऑगस्ट

सरावाला आज जरा लवकर गेले, वहिनीसाठी एक रेकॉर्ड घेऊन. कालच एक दादाने नेली होती, हे विसरलेच. दारावरचं "डिस्कोही" कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलंय, चपलांचं तेवढं आहे. म्हणून चपला काढल्या आणि अनवाणी, आवाज न करता आत गेले.

मागच्या खोलीत आमचं गाणं वाजत होतं. कोटांमुळे माणसं दिसेनात, कोटांच्या खाली फक्त पाय दिसत होते. स्टूल रिकामं. काठी इस्त्रीच्या टेबलाला टेकलेली. वहिनीची पावलं, अनवाणी, आणि दादाचे बूट. दादाचा डावा पाय कंपासच्या टोकासारखा जमिनीत रोवलेला, अजिबात हलत नव्हता. उजवा ठेका धरत होता. आणि वहिनी त्या रोवलेल्या पायाभोवती फिरत होती. एक फेरा, चार ठोके. परत एक फेरा. कुठेही घाई नाही.

"पडेन मी," दादाचा आवाज.

"पडा. कोट आहेत."

आणि दादा हसला. असा हसलेला मी अपघातानंतर ऐकला नव्हता. रोज त्याच्याशेजारी वाजवणारी मी, कानांवर पोट भरणारी मी. आणि तो इतके दिवस कशाशी भांडत होता ते मला पायांकडे बघून कळावं लागलं.

गाणं संपलं. सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली, करकर, करकर. ती उचलायला कुणी गेलं नाही. त्यांचे पाय थांबले नव्हते. मीही हातातली रेकॉर्ड काउंटरवर ठेवली, हळूच मागे फिरले, आणि बाहेर येऊन तुफानला दारातच अडवलं.

"काय झालं?"

"चपला काढ आणि इथे बस. आज सराव उशिरा."

उद्या फोरमनकाका त्या करकरीबद्दल विचारतील. विचारू देत. सांगेन, काका, तो गाण्याचाच भाग आहे.